हिल्डाबाईंची खोली, रहाटणी

सुभद्राबाईंनी आपल्या होणाऱ्या नवऱ्याचं पहिलं दर्शन घेतलं ते तळपायांकडून.

मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. कळंब तालुक्यातलं गाव, ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी आणि मधोमध शेजारच्या मास्तरांकडून मागून आणलेलं टेबल. सुभद्राबाई पोह्यांच्या बशा घेऊन मान खाली घालून बाहेर आल्या. मान खाली होती म्हणून दिसलं. टेबलाखालून दोन तळपाय बाहेर आले होते. उरलेला नवरदेव टेबलाखाली होता.

मुलाचे मामा दोनदा खाकरले. मुलीच्या चुलत्याला वाटलं, मुलाला फेफरं आलं. ते कांदा आणायला धावले. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "हे कधीपासून डुगडुगायलंय?"

"कोण?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"टेबल."

ते टेबल निजामाच्या अमदानीपासून डुगडुगत होतं आणि ते त्याचं कामच आहे असं सगळे धरून चालले होते. नवरदेव ज्योतीरामांनी खिशातलं एसटीचं तिकीट काढलं, त्याची घडी घातली, एका पायाखाली सरकवली, रांगत बाहेर आले आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला टेबलावर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसले. पाणी हललं नाही. असं सांगतात की पुढे महिनाभर ते टेबल पाहायला येरमाळ्यापासून माणसं येत होती, आणि त्या टेबलावर अभ्यास केलेलं एकही पोर नंतर नापास झालं नाही. चुलते जो कांदा घेऊन आले तो पोह्यांत घातला गेला.

या सगळ्यात मुलीकडे पाहायचं राहूनच गेलं. मामांनी कोपरानं ढोसलं, "अरे, मुलीला काही विचार की."

ज्योतीरामांनी एकवार नजर टाकली. "काय विचारायचंय? नीट उभी हाय की."

वडिलांनी प्रसंग सावरायला म्हणून मुलीलाच विचारलं, तुला काही विचारायचं आहे का. अशा वेळी मुलीनं मान हलवून आत जायचं असतं. सुभद्राबाईंनी विचारलं, "घरात झोका टांगता येईल का?"

यामागे इतिहास होता. सुभद्राबाई पाच बहिणींतल्या चौथ्या. पंचमीला गावाबाहेरच्या चिंचेला झोका बांधला जाई, आणि पहिल्या तिघी त्यावर उभ्या राहून आभाळाला पाय लावून येत. चौथीची पाळी येईपर्यंत दिवे लागत आणि घरून हाक येई, भाकऱ्या टाकायला चला. सुभद्राबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आपल्या घरात आपला झोका, ज्याला रांग नाही.

ज्योतीरामांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. पण मुलीकडे नाही, आढ्याकडे. "छत बघून सांगतो," ते म्हणाले.

हे छत बघायला त्यांना तीस वर्षांहून जास्त लागली.

पहिलं घर काळेवाडीत पत्र्याचं. ज्योतीरामांनी पत्र्याखालच्या पाइपाला बोटानं टिचकी मारून पाहिली आणि सांगितलं, हा आपलंच वजन कसंबसं घेतोय. दुसऱ्या घराला स्लॅब होता, पण घरमालकानं भिंतीला खिळासुद्धा मारू दिला नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकायचं. मग मुलगा निरंजन मोठा झाला, हिंजवडीत नोकरीला लागला, आणि बापलेकांनी मिळून रहाटणीत फ्लॅट घेतला. चौथा मजला, स्वतःचा हॉल, डोक्यावर स्वतःचा स्लॅब. ताबा मिळाला त्या दिवशी नारळ फोडायच्या आधी सुभद्राबाईंनी हॉलच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं. "इथं," त्या म्हणाल्या.

"इथंच," ज्योतीराम म्हणाले. "एवढं जर्मनीचं काम उरकून येतो."

ज्योतीरामांचं काम काय, ते इथे सांगितलं पाहिजे. चाकणच्या कारखान्यांत परदेशातली जुनी, अवाढव्य मशीनं विकत आणली जातात. ती तिकडे जाऊन सुटी करायची आणि इकडे आणून जशीच्या तशी जोडायची, हे ज्योतीरामांचं काम. प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढायचा, आणि मशीनच्या पायाखाली पत्र्याची गंजकी पट्टी सापडली तर तिलाही नंबर घालून पेटीत ठेवायचं. कारण ती पट्टी तिथे कोणीतरी काहीतरी बघूनच सरकवलेली असते. एकदा कोणीतरी असली पट्टी कचरा म्हणून भंगारात टाकली होती आणि ते मशीन महिनाभर वाकडं काम करत बसलं. तेव्हापासून ज्योतीरामांचा नियम एकच: जसं होतं तसं. आपली अक्कल लावायची नाही. ती लावणारा आधी कोणीतरी होऊन गेलेला असतो.

निवृत्तीच्या आधीचं शेवटचं काम म्हणून कंपनीनं त्यांना असंच एक मशीन आणायला जर्मनीतल्या एका खेड्यात पाठवलं. राहायची सोय हिल्डाबाई नावाच्या ऐंशीच्या घरातल्या विधवा बाईंकडे केली होती. त्यांचे यजमान जन्मभर त्याच मशीनवर कामाला होते. ज्योतीराम मोठ्यानं मराठी बोलायचे, हिल्डाबाई मोठ्यानं जर्मन बोलायच्या, आणि दोघांचं उत्तम जमलं. त्या बटाटे वाढायच्या, हे शेंगदाण्याची चटणी वाढायचे.

पण ज्योतीराम अडकले ते हिल्डाबाईंच्या बैठकीच्या खोलीत. पहिल्याच संध्याकाळी ते टेबलापाशी बसले आणि सवयीनं त्यांनी ते हलवून पाहिलं. हललं नाही. वाकून पाहिलं तर एका पायाखाली कागदाची घडी. परदेशात गाववाला भेटावा तसे ते उठून बसले. मग त्यांनी सबंध खोलीवर नजर फिरवली आणि त्यांना एकदम शांत वाटलं. निघायच्या दिवशी हिल्डाबाईंनी दुभाष्याकडून विचारलं, मशीन तिकडे नीट लावाल ना?

"जसं होतं तसं," ज्योतीराम म्हणाले. आणि त्याच हातानं त्यांनी खोलीचेही फोटो काढून घेतले. सगळ्या कोपऱ्यांचे.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "हॉल मी लावणार."

निरंजननं तोवर पिंपळे सौदागरमधली स्वरूपा नावाची इंटिरियर डिझायनर ठरवून ठेवली होती. ती लॅपटॉप उघडून बसली. "काका, युरोपियनमध्ये आपल्याकडे फ्रेंच आहे, इटालियन आहे, पण हल्ली सगळे स्कॅन्डिनेव्हियन घेतात."

निरंजनला तेच हवं होतं. म्हणजे सगळं पांढरं, आणि कुठेही काही ठेवायचं नाही.

"मग आपण बसायचं कुठं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"हिल्डाबाईचं हाय का तुमच्याकडं?" ज्योतीरामांनी विचारलं.

स्वरूपाला वाटलं, हा नवीन ब्रँड असावा. तिनं शोधलंही. तेव्हा ज्योतीरामांनी फोटोंचा गठ्ठा समोर ठेवला. प्रत्येक फोटोवर नंबर होता आणि बाण होते.

"काका, हा भिंतीवरचा ओलीचा डाग आहे."

"डाग पण."

"आणि हे घड्याळ बंद दिसतंय."

"बंद पण."

"काका, आपण याला जरा फ्रेश लुक देऊ या ना."

"पोरी," ज्योतीराम समजुतीनं म्हणाले, "तुझी अक्कल चांगलीच हाय. पण ती लावायची न्हाई."

आणि काम सुरू झालं. भिंतींना कंबरेइतक्या उंचीपर्यंत गडद लाकूड, त्यावर बारीक निळ्या फुलांचा कागद. खिडकीला पांढरा जाळीचा पडदा, तोही खालच्या अर्ध्यालाच, म्हणजे समोरच्या बिल्डिंगला आता ज्योतीरामांच्या घरातली माणसं फक्त गळ्यापासून वर दिसू लागली. कोपऱ्यात हिरव्या टाइल्सची उभी भट्टी. जर्मनीत तिच्यात लाकडं जळतात. रहाटणीत वैशाखात ती पेटवायचा प्रश्न नव्हता, म्हणून सुभद्राबाईंनी तिच्या पोटात गव्हाची कोठी ठेवली. भिंतीवर हरणाची शिंगं हवी होती. खरी आणली तर जंगल खातं घरी येईल, म्हणून ज्योतीरामांनी भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडी सळया वेल्डिंग करून घेतल्या. ती शिंगं पाहून हरीण सोडा, रेडासुद्धा वाट बदलेल.

घड्याळ जुन्या बाजारातून आणलं. दुर्दैवानं ते चालत होतं. ज्योतीरामांनी ते चार वीसवर थांबवलं.

सर्वांत हाल रंगाऱ्याचे झाले. आयुष्यभर त्यानं डाग झाकले होते; आता त्याला चांगल्या भिंतीवर डाग काढायला सांगितला होता. तो फोटो हातात धरून दिवसभर भिंतीसमोर उभा राहिला आणि संध्याकाळी म्हणाला, "साहेब, उद्या माझ्या पोराला पाठवतो. त्याची चित्रकला बरी आहे." सुताराचंही तेच. टेबल झालं, पण ते रहाटणीच्या सपाट फरशीवर अजिबात डुगडुगेना. पायाखाली घडी घालायला जागाच नव्हती. ज्योतीरामांनी एक पाय थोडासा कापायला सांगितला.

"कापला तर डुगडुगेल," सुतार म्हणाला.

"डुगडुगू दे. मग घडी घालू."

सुतार सुभद्राबाईंकडे पाहत राहिला. "ताई, हे नेहमीचेच असे आहेत का?"

"मला बघायला आले तेव्हापासून," सुभद्राबाई म्हणाल्या.

या सगळ्याविरुद्ध सुभद्राबाईंनी चकार शब्द काढला नव्हता. कारण फोटोंच्या गठ्ठ्यात एक फोटो त्यांनी पाहून ठेवला होता. हिल्डाबाईंच्या छताचा. त्यात खोलीच्या मधोमध, हातभर अंतरावर, दोन लोखंडी हुक होते. रिकामे. ज्योतीरामांनी स्लॅबमध्ये भोकं पाडून तसेच दोन हुक बसवले, खाली स्टूल ठेवून स्वतः लोंबकळून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "दोन म्हशी टांगल्या तरी निघणार न्हाईत."

"म्हशी कशाला," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी हाय ना. फळी कधी आणायची?"

ज्योतीरामांचा चेहरा पडला. ही बाब त्यांच्या ध्यानातच आली नव्हती असं नाही. ती येऊ नये म्हणून ते प्रयत्न करत होते. त्यांनी फोटो पुढे केला. "आगं, तिथं काही टांगलेलं न्हाई."

"मग हुक कशाला हायेत?"

"ते मला काय ठावं. हायेत. काहीतरी बघूनच लावले असतील."

"आवं, मग आपण पण काहीतरी बघूनच टांगू की."

"जसं होतं तसं," ज्योतीराम म्हणाले. पण खाली बघून म्हणाले.

सुभद्राबाई भांडल्या नाहीत. त्यांनी उशा घेतल्या. हिल्डाबाईंकडे सोफ्यावरच्या प्रत्येक उशीच्या डोक्यावर रोज सकाळी हाताची कड मारायची पद्धत होती. मधोमध खाच पडायची आणि उशीला सशासारखे दोन कान उभे राहायचे. तो नियमही रहाटणीत आला होता आणि सुभद्राबाईंकडे सोपवला होता. आधी त्या म्हणायच्या, "बिचाऱ्या उशीला मार कशाला?" आता त्यांनी ते विचारणं सोडलं. झोक्याचा विषय निघायचा, ज्योतीराम फोटोकडे बोट दाखवायचे, आणि हॉलमधून उशांचे आवाज यायचे. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, वर कोणीतरी कणीक मळतंय.

महिने गेले. स्वरूपा आपल्या गिऱ्हाइकांना हॉल दाखवायला घेऊन येऊ लागली. ती याला आता 'ओल्ड युरोप' म्हणायची आणि डागापाशी आवाज हळू करायची. पाहुणे यायचे, शिंगांना हेल्मेट अडकवायचे, भट्टीला हात लावून पाहायचे आणि वर बघून विचारायचे, "हे काय, फॅन राहिला का?" सुभद्राबाई चहा ठेवत म्हणायच्या, "न्हाई. माझा झोका राहिलाय." ज्योतीराम घड्याळाकडे बघायचे. तिथे चार वीस झालेले असायचे.

मधे वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खरोखरच पाणी झिरपायला लागलं आणि रंगाऱ्याच्या पोरानं काढलेल्या डागाशेजारी दुसरा डाग उमटला. ज्योतीरामांनी सोसायटीचे अध्यक्ष रंगराव यांना बोलावलं. रंगरावांनी दोन्ही डागांकडे आलटून पालटून पाहिलं.

"यातला तुमचा कोणता आणि आमचा कोणता?"

"डावा माझा. उजवा गळतीचा."

"ज्योतीरामभाऊ, खरं सांगू का राव? तुमचाच जास्त ओला वाटतोय," रंगराव म्हणाले आणि तक्रार नोंदवायला तयारच होईनात.

शेवटी निरंजनलाच आईची दया आली. त्यानं कॉलेजात असताना जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. एका रविवारी दुपारी त्यानं हिल्डाबाईंच्या नातवाचा नंबर मिळवला आणि व्हिडिओ कॉल लावला. ज्योतीराम धुतलेला शर्ट घालून सोफ्याच्या कडेला बसले. सुभद्राबाई उशा मारून, पदर सारखा करून शेजारी बसल्या. पडद्यावर हिल्डाबाई आल्या, आणि निरंजननं फोन हळूहळू खोलीभर फिरवला.

हिल्डाबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. भट्टी पाहिली, घड्याळ पाहिलं, टेबलाखालची घडी निरंजननं मुद्दाम जवळून दाखवली. मग त्यांना भिंतीवरचा डाग दिसला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की नातवानं पाणी आणून दिलं.

"काय म्हणायलेत?" ज्योतीरामांनी विचारलं.

"पप्पा, त्या म्हणतायत, तुम्ही गेल्यावर त्यांनी तो डाग रंग देऊन झाकून टाकला. आता तो फक्त आपल्याकडेच आहे."

ज्योतीरामांनी अभिमानानं डागाकडे पाहिलं. फोन छताकडे वळला. हिल्डाबाईंचं हसू थांबलं आणि त्यांनी काहीतरी विचारलं. निरंजननं परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, हातानं पुढेमागे करून. निरंजन आईकडे पाहायला लागला.

"बोल की," सुभद्राबाई म्हणाल्या.

"त्या विचारतायत, झोका कुठे आहे?"

मग निरंजननं एकेक वाक्य विचारून घेतलं आणि सांगितलं. त्यांच्या यजमानांनी लेकीसाठी झोका लावला होता. लेक मोठी झाली, नात मोठी झाली; आता त्या स्वतःच संध्याकाळी त्यावर बसतात. भारतातून पाहुणे येणार, झोका खोलीच्या मधोमध, कोणाच्या डोक्याला लागायला नको, म्हणून आदल्या दिवशी काढून माळ्यावर ठेवला होता. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी परत लावला. बघा, हा इथे आहे. आणि पडद्यावर दोन दोरांची एक छोटी फळी आली आणि जराशी हलली.

ज्योतीरामांचा चेहरा पांढरा पडला. सबंध नोकरीत ही वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"पार्ट राहिला," ते पुटपुटले.

"मी म्हणत होते," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "घर वाकडं काम करायलंय."

त्यांनी त्या दिवशी हिल्डाबाईंशी पहिल्यांदा संभाषण केलं. ते असं: सुभद्राबाईंनी छताकडे बोट केलं, मग नवऱ्याकडे बोट केलं, मग कपाळाला हात लावला. हिल्डाबाईंनी आपल्या यजमानांच्या फोटोकडे बोट केलं आणि कपाळाला हात लावला. निरंजनला काहीच भाषांतर करावं लागलं नाही.

फोन ठेवून ज्योतीराम जे बाहेर पडले ते पिंपरी कॅम्प पालथा घालून सागवानी फळी आणि दोर घेऊनच परतले. फळी एका माणसापुरती होती, कारण तिकडेही तशीच होती. दोराला गाठी कुठे मारल्या आहेत हे कळावं म्हणून हिल्डाबाईंच्या नातवाला पुन्हा फोन करून जवळून फोटो मागवले. मग त्यांनी फळीवर गव्हाचं पोतं बसवून झुलवलं, पोतं उतरवून दोन भरलेले सिलिंडर बसवून झुलवले. सिलिंडर झुलत असताना रंगराव गळतीचं बघायला आले होते, ते दारातूनच परत गेले.

पंचमीच्या दिवशी झोका बांधला. सुभद्राबाईंनी नवी साडी नेसली, हातांत हिरव्या बांगड्या भरल्या आणि धाकट्या बहिणीला गावी फोन करून सांगितलं, आज पहिला नंबर माझा. त्या फळीवर बसल्या. पायानं जमीन सोडली. ज्योतीराम मागे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नजर हुकांवर होती.

"देऊ का झोका?"

"द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "आन् हाक आली तरी थांबवू नका."

ज्योतीरामांनी ढकललं. निळ्या फुलांची भिंत पुढे आली, मागे गेली. शिंगं पुढे आली, मागे गेली. दोन्ही डाग पुढे आले, मागे गेले.

"थांबवा," सुभद्राबाई म्हणाल्या.

ज्योतीरामांनी झोका धरला. सुभद्राबाईंनी सोफा गाठला, खाच पडलेल्या उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटून लिंबाचं सरबत मागितलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, काही लोकांना लहानपणापासूनच असतं.

सुभद्राबाईंना झोक्यावर चक्कर येते. झोका अजून तिथेच आहे. त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.